चालताना गाणी ऐकण्यासाठी कानाला न बोचणारे इअरफोन कसे निवडावेत?

पाऊलखुणा

नमस्कार. रोज सकाळी तासभर चालताना संगीत ऐकायची मला सवय आहे, आणि त्या तासासाठी कोणते इअरफोन योग्य ठरतील याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. सध्या माझ्याकडे कानाच्या नळीत घट्ट बसणारे, सिलिकॉनची टोके असलेले बिनवायरचे इअरफोन आहेत. खुर्चीत बसून ऐकताना त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चालायला लागले की मात्र प्रत्येक पावलाबरोबर कानात धप्प धप्प असा आवाज घुमतो, अर्ध्या तासाने डाव्या कानाच्या तोंडाशी बोचू लागते आणि घाम आला की उजव्या बाजूचा इअरफोन हळूहळू बाहेर सरकतो.

परीक्षणे वाचावीत तर त्यांत बास किती आणि बॅटरी किती, हेच ठळकपणे लिहिलेले असते. तासभर चालल्यावर कानाला काय वाटते हे फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते चालणाऱ्या माणसासाठी कानाचा आराम आधी आणि आवाजाचा दर्जा नंतर यायला हवा, कारण दर मिनिटाला हात कानाकडे जात असेल तर गाणे कितीही सुरेख असले तरी त्यात मन रमत नाही. माझ्या वाटेचा बराचसा भाग शांत आहे, पण एक टप्पा वाहत्या रस्त्याच्या कडेने जातो. आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

निषाद

धप्प आवाजापुरते आधी लिहितो, कारण त्यात इअरफोनचा दोष नाही आणि महागडे इअरफोन घेऊनही तो जाईलच असे नाही. पाऊल जमिनीवर पडले की त्याचा हादरा हाडांमधून कवटीपर्यंत आणि तेथून कानाच्या नळीच्या भिंतींपर्यंत पोहोचतो. नळी उघडी असेल तर त्यातून उमटणारा खर्जातला आवाज बाहेर निघून जातो आणि आपल्याला जाणवतही नाही; नळीचे तोंड बंद असेल तर तोच आवाज आत कोंडतो आणि पडद्यावर आदळतो. याला ऑक्लूजन इफेक्ट म्हणतात. दोन्ही कान बोटांनी बंद करून थोडे चालून पाहावे, म्हणजे इअरफोन नसतानाही तोच आवाज ऐकू येईल. चघळण्याचा आवाज आणि स्वतःचे बोलणे कानात घुमते, तेही याच कारणाने.

यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे नळी उघडी ठेवणारा प्रकार निवडणे. टोक नळीच्या आतल्या, हाडाच्या भागापर्यंत गेले तर हा परिणाम कमी होतो हे खरे, पण तेथील त्वचा फार पातळ आणि हळवी असते, त्यामुळे तो प्रयोग घरच्या घरी करू नये.

तारेवरचा

निषाद यांनी म्हटल्याप्रमाणे नळी उघडीच ठेवायची असेल, तर वायरचे, कानाच्या वाटीत नुसते टेकणारे साधे इअरबड घ्यावेत. ते नळीत शिरत नाहीत, चार्ज करावे लागत नाहीत आणि एक बाजू कुठेतरी पडून हरवण्याची धास्तीही नसते. वायर कपड्यांना घासली की तिचा खरखराट कानात येतो, पण वायर कानाच्या वरून मागे घेतली आणि कॉलरला छोटा चिमटा लावला तर तो बराच कमी होतो. मी वर्षानुवर्षे असेच चालत आलो आहे.

रानपाखरू

तारेवरचा, आपल्याला ते मानवतात याचा आनंद आहे, पण सर्वांना मानवतील असे नाही. वाटीत टेकणारे इअरबड एकाच आकाराचे येतात आणि माझ्या कानाची वाटी इतकी लहान आहे की त्यांची कडा कानाच्या छिद्राच्या खालच्या उंचवट्यावर दाबून बसते आणि थोड्याच वेळात तेथे लालसर वण उठतो. ज्यांची वाटी उथळ आणि पसरट आहे, त्यांच्या कानात हेच इअरबड टिकत नाहीत. मान वळवली की निसटतात. नळीत बसणाऱ्या इअरफोनला निदान टोके तरी बदलता येतात, या इअरबडला ती सोयही नाही. फोमचे पातळ आवरण चढवले की कडा थोडी मऊ होते आणि पकडही सुधारते, एवढेच काय ते करता येते.

स्वरलीन

येथे नळीत बसणाऱ्या इअरफोनना फार लवकर मोडीत काढले जात आहे, असे मला वाटते. बोचणे आणि निसटणे या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इअरफोनपेक्षा त्याच्या टोकात असते. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापांची टोके येतात आणि जवळजवळ सर्व जण मूळ बसवलेले मध्यम माप कधीही बदलत नाहीत. त्यातही आपले दोन कान सारखे असतातच असे नाही. पाऊलखुणा यांचा डावा कान बोचतो आणि उजवा इअरफोन सरकतो, यावरून मला तरी असे दिसते की डाव्या नळीला तेच टोक मोठे पडते आहे आणि उजवीला लहान. डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठे टोक लावण्यात काहीही गैर नाही.

बसवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. नळी सरळ नसते, तिला किंचित वळण असते. म्हणून उजवा इअरफोन बसवताना डावा हात डोक्यामागून नेऊन कान हलकेच वर आणि मागे ओढावा, त्यामुळे नळी सरळ होते. मग टोक थोडे फिरवत आत न्यावे आणि कान सोडून द्यावा. फोमची टोके असतील तर ती बोटांनी दाबून बारीक करावीत, आत बसवावीत आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावीत. फोम कानाच्या आकाराप्रमाणे फुगतो, त्यामुळे दाब एकाच जागी न पडता सगळीकडे वाटला जातो आणि घाम आला तरी तो सिलिकॉनसारखा घसरत नाही. मात्र तो धुऊन वर्षानुवर्षे वापरता येत नाही, काही महिन्यांनी बदलावा लागतो.

टोक नीट बसले आहे की नाही हे ओळखायला तबल्याची साथ असलेले कोणतेही ध्वनिमुद्रण लावावे. टोक सैल असेल तर सर्वांत आधी डग्ग्याचा घुमारा जातो. चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, आवाज आणि गायकाचा स्वर मात्र तसाच राहतो, त्यामुळे काही बिघडले आहे हे चटकन लक्षात येत नाही. घुमारा परत मिळवण्यासाठी माणूस आवाज वाढवतो आणि मग चाटीवरचा तोच आवाज कर्कश होऊन कानाला त्रास देऊ लागतो. आरामाचा विचार करताना हाही त्रास मोजायला हवा. वाटीत टेकणाऱ्या इअरबडमध्ये खर्ज मुळातच कमी असतो आणि म्हणून ते वापरणारे आवाज चढा ठेवतात, असे माझे निरीक्षण आहे.

तारेवरचा

स्वरलीन, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चालताना मला डग्ग्याचा पूर्ण घुमारा हवाच असतो असे नाही. बंदिश कळली, लय कळली, स्वर स्वच्छ ऐकू आला, एवढे मला चालण्याच्या तासाला पुरेसे वाटते. निवांत ऐकण्यासाठी घरी वेगळी व्यवस्था आहे.

स्वरलीन

तो ज्याच्या त्याच्या ऐकण्याचा प्रश्न आहे आणि आपली बाजू मला समजते. माझे कित्येक गायकांचे ऐकणे चालतानाच झाले आहे, त्यामुळे त्या तासाला मला दुय्यम प्रत नको वाटते.

श्रवणसखा

कानांच्या तपासणीचे काम माझ्या रोजच्या व्यवसायाचा भाग आहे, म्हणून आवाजाच्या पातळीबद्दल थोडे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तितकाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवलेली आहे. यातील महत्त्वाचा भाग असा की पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला जेमतेम ५ तास उरतात. रोज तासभर चालणारी व्यक्ती आठवड्याला सात तास ऐकते, तेव्हा मध्यम आवाजात तिला काळजीचे कारण नाही; वाहत्या रस्त्याच्या कडेला वाहनांवर मात करण्यासाठी आवाज चढवला, तर मात्र तेच सात तास मर्यादेबाहेर जाऊ शकतात. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये कमाल आवाज बांधून ठेवण्याची सोय असते. शांत जागी सुखद वाटेल तेथे आवाज ठेवावा, त्याच्या थोडेच वर ती मर्यादा बांधावी आणि रस्ता आला म्हणून ती ओलांडू नये.

दुसरा मुद्दा त्वचेचा. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. नळीत रोज काहीतरी घातल्याने तो आत ढकलला जातो किंवा अडकून राहतो. बंद नळीत घाम आणि ओलावा साठला की खाज आणि संसर्गाला आयते निमित्त मिळते. म्हणून चालून आल्यावर टोके काढून कोरड्या मऊ कापडाने पुसावीत, सिलिकॉनची टोके अधूनमधून सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावीत, आणि ओले इअरफोन लगेच डबीत बंद करू नयेत. दुसऱ्याचे इअरफोन न पुसता वापरू नयेत. इअरफोन काढल्यावरही दुखणे राहत असेल, स्राव येत असेल किंवा कान भरल्यासारखा वाटत असेल, तर टोके बदलत बसण्याऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

पाऊलखुणा

सर्वांचे मनापासून आभार. श्रवणसखाताई, इअरफोन काढले की माझे बोचणे लगेच थांबते आणि खाज वगैरे नाही. स्वरलीन यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मापाची टोके लावून पाहते.

मुक्तछंद

कोणीच बोन कंडक्शनचा उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटले. हे इअरफोन कानात जात नाहीत. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात आणि कंपनांतून आवाज थेट आतल्या कानापर्यंत नेतात. दोन्ही बाजू जोडणारी पट्टी मानेमागून जाते. नळी पूर्ण उघडी राहते, त्यामुळे पावलांचा धप्प आवाज नाही, बोचणे नाही, घामाने सरकणे नाही आणि मागून येणारी सायकलही ऐकू येते. मी रोज वापरतो आणि चालण्यासाठी याहून योग्य काही असेल असे मला वाटत नाही.

जाड_भिंग

मुक्तछंद, चष्मा असणाऱ्यांचे काय? माझ्या कानामागे चष्म्याची काडी आधीच बसलेली असते. तिच्यावर या पट्टीचा आकडा आला की दोन्हीही सरकतात आणि कानाच्या वरच्या खोबणीत दुखू लागते. थंडीत कानटोपी घातली की तिसरी भर पडते. कानावरून आकडा अडकवणाऱ्या सर्वच प्रकारांत मला हा त्रास झालेला आहे. चष्मा घालणाऱ्यांनी इअरफोन घेण्यापूर्वी तो चष्म्यासकट घालून पाहावा आणि शक्य तर बारीक काडीचा चष्मा वापरावा.

निषाद

बोन कंडक्शनबद्दल दोन गोष्टी जोडतो. एक म्हणजे खर्ज त्यात फारच कमी मिळतो आणि आवाज वाढवला की गालावर गुदगुल्या झाल्यासारखे कंपन जाणवते. स्वरलीन यांचे समाधान त्याने होणार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पडदा वगळला जातो म्हणून कानाला धोका नाही, असा एक समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. मोठ्या आवाजाने इजा होते ती आतल्या कानातील शंखाकृती भागातील नाजूक पेशींना, आणि आवाज हवेतून येवो वा हाडातून, शेवटी तो तेथेच पोहोचतो. श्रवणसखा यांनी दिलेले आकडे येथेही लक्षात ठेवायचे आहेत.

नळी उघडी ठेवणारा आणखी एक प्रकार आता सहज मिळतो. त्यात छोटा स्पीकर कानाच्या तोंडापासून किंचित दूर राहतो आणि आवाज हवेतूनच कानात सोडतो. काही कानावर आकड्याने अडकतात, तर काही कानाच्या बाहेरच्या कडेला चिमट्यासारखे बसतात. खर्ज बोन कंडक्शनपेक्षा बरा असतो आणि कंपन नसते. शांत जागी शेजारून जाणाऱ्याला मात्र आपले गाणे थोडे ऐकू जाते.

वाटसरू

वाहत्या रस्त्याचा टप्पा आहे असे पाऊलखुणा यांनी लिहिले आहे, म्हणून सांगतो. कानात नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज पुसून टाकणारी सोय, चालू ठेवून रस्त्याने चालू नये. हे तंत्र सलग, खर्जातला आवाज सर्वांत चांगला पुसते आणि दूरून येणाऱ्या जड वाहनाची घरघर नेमकी त्याच जातीची असते. ज्यांत बाहेरचे आवाज आत सोडण्याची सोय आहे, त्यांत ती सुरू करावी. पण वारा असेल तर बाहेरच्या मायक्रोफोनवर त्याचा मारा होऊन नुसता घोंगावणारा आवाज येतो, हेही लक्षात ठेवावे.

काही जण एकच इअरफोन घालून दुसरा कान मोकळा ठेवतात. तसे करायचे असल्यास फोनच्या सुलभता विभागात मोनो आवाजाची, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करण्याची, सोय असते, ती सुरू करावी, नाहीतर अर्धे गाणे ऐकूच येत नाही. आणि एका कानाने ऐकताना आवाज कमी वाटतो म्हणून तो वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिवाय आवाज कोणत्या दिशेने येतो आहे हे ओळखायला दोन्ही कान लागतात, त्यामुळे मला एका कानाचा हा उपाय अर्धवटच वाटतो.

जुनी_कॅसेट

वाटसरू यांचा मुद्दा वाचून आठवले, म्हणून थोडे जुने लिहितो. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आला, तेव्हा त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू व्हायचे आणि यंत्रातल्या छोट्या मायक्रोफोनमधून समोरच्याचे बोलणे हेडफोनमध्ये ऐकू यायचे. दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून हेडफोन जोडायच्या जागाही दोन होत्या. चालता चालता संगीत ऐकण्याची सोय झाली, त्याच वेळी आजूबाजूच्या जगाशी संबंध तुटू नये ही काळजीही त्यात घेतलेली होती. त्यासोबतचे हेडफोन फोमच्या गाद्यांचे, अतिशय हलके आणि कानावर नुसते टेकणारे होते. त्या घडणीचे हेडफोन आजही मिळतात. ते नळीत जात नाहीत आणि कानाच्या वाटीलाही दाबत नाहीत, त्यामुळे रानपाखरू यांच्यासारख्या लहान कानांना ते मानवण्याची शक्यता बरीच आहे.

रानपाखरू

जुनी_कॅसेट, खूप आभार. हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. कानावर टेकणारे म्हटले की जाड गाद्यांचे, घाम आणणारे मोठे हेडफोनच डोळ्यांसमोर येतात.

जोडणी

तांत्रिक बाजूने काही. चालताना बिनवायरच्या इअरफोनचा आवाज मध्येच तुटतो, ही तक्रार अनेकांची असते. ब्लूटूथच्या लहरी शरीरातून नीट आरपार जात नाहीत. घरात भिंतींवरून परावर्तित होऊन त्या कशातरी पोहोचतात, मोकळ्या मैदानात तोही आधार नसतो. म्हणून फोन मागच्या खिशात न ठेवता वरच्या खिशात किंवा दंडाच्या पट्टीत ठेवावा; अनेकदा नुसती बाजू बदलली तरी फरक पडतो.

घामासाठी निदान आयपीएक्स४ हा पाणी सोसण्याचा दर्जा पाहावा. त्याचा अर्थ कोणत्याही दिशेने उडालेले पाणी चालते, इतकाच आहे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. या दोन्ही चाचण्या साध्या पाण्याच्या आहेत, खारट घामाच्या नाहीत, आणि चार्जिंगच्या डबीला तो दर्जा असतोच असे नाही. श्रवणसखा यांनी पुसून ठेवायला सांगितले, ते यंत्राच्या आयुष्यासाठीही तितकेच आवश्यक आहे.

पाऊलखुणा

मध्यंतरी सांगितलेले बरेच करून पाहिले, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येते. डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठे टोक लावल्यावर बोचणे आणि सरकणे दोन्ही थांबले. स्वरलीन, आपला अंदाज अगदी बरोबर होता. बसून ऐकताना खर्ज पूर्वीपेक्षा भरदार वाटतो, हा अनपेक्षित लाभ. पावलांचा आवाज मात्र कायम आहे, उलट उजवीकडे टोक घट्ट बसल्यावर तो किंचित वाढलाच, जे निषाद यांच्या स्पष्टीकरणाला धरून आहे.

नंतर मैत्रिणीचे चिमट्याचे उघडे इअरफोन पुसून घेऊन चालले. धप्प आवाज पूर्णपणे गेला. शांत वाटेवर गायन फार मोकळे ऐकू आले, झाडांवरचे पक्षीही त्यात मिसळले आणि ते मला आवडले. रस्त्याच्या टप्प्यात आलापीचे बारीक काम वाहनांत बुडाले. तेथे आवाज न वाढवता मी ऐकणे थांबवले. तेवढे चालेल, असे मला वाटते. त्यामुळे चालण्यासाठी उघडा प्रकार घ्यायचा आणि आहेत ते इअरफोन घरी वापरायचे, असे ठरवले आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की चिमट्याचा घ्यावा की आकड्याचा? मलाही वाचायला चष्मा लागतो, पण चालताना तो डोळ्यांवर नसतो.

जाड_भिंग

चालताना चष्मा नसेल तर आकड्याचाही चालेल. मी चिमट्याचा घेतला आणि काडीचा त्रास गेला, पण चिमटा कानाच्या कडेवर फार वर बसवला तर तेथील कूर्चेला दाब लागतो. थोडा खाली, कडा जाड होते तेथे सरकवला की लागत नाही.

श्रवणसखा

पाऊलखुणा, दोन्ही प्रकार घालून पाहता आले तर पाहावेत, आणि पाहताना आरशासमोर उभे राहून पाच मिनिटांत निर्णय घेऊ नये. दाबाचे दुखणे सुरुवातीला कळतच नाही, ते अर्ध्या-पाऊण तासाने जाणवते. घालून खाली वाकावे, मान वळवावी, थोडे बोलावे, टोपी वापरत असल्यास ती चढवावी, आणि मग घरातल्या घरात चालण्याइतका वेळ ते कानावर राहू द्यावेत. काढल्यावर कानाच्या कडेवर उठलेली लाली काही मिनिटांत गेली तर हरकत नाही; बराच वेळ राहिली किंवा ती जागा स्पर्शाला हुळहुळली, तर त्या कानाला तो चिमटा घट्ट पडतो आहे आणि आकड्याचा प्रकार घ्यावा.